कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण औषध मिळाले का?

‘घशाच्या कॅन्सरवर नवे रसायन गुणकारी’ अशी बातमी छापून आली की रुग्णांचे नातेवाईक कात्रण घेऊन माझ्या नागपूरच्या दवाखान्यात येतात. ‘डॉक्टरसाहेब, हे औषध कुठे मिळेल? मग शेक घ्यायची गरज नाही ना?’ म्हणून ही चाचणी असते तरी काय, ते आज पाहू.

कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या काही पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवता येतात. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा पेशी संशोधकांना पुरवते. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत नव्या रसायनांची त्यांच्यावर चाचणी होते. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत पेशी घेऊन रसायनाच्या वाढत्या मात्रा घालतात आणि शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत साधारण ४८ तास ठेवतात. मग पेशींना गुलाबी रंग चढवतात. रंग गडद तर पेशी वाढल्या. फिका तर रसायनाने त्यांना रोखले. शेजारच्या खळग्यांत सिद्ध झालेले औषध घालून तुलना करतात.

पण ताटलीत यकृत नसते, मूत्रपिंड नसते, वाहते रक्त नसते. हळदीतले कर्क्युमिन ताटलीत कॅन्सरच्या पेशी मारते. पोटात घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते. कधी पेशीच भलत्या निघतात. स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या म्हणून जगभर वापरलेल्या ‘हेप-२’ पेशी पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ‘हेला’ पेशी ठरल्या.

म्हणून ही चाचणी वाया जाते असे नव्हे. ती पहिली पायरी आहे. सिस्प्लॅटिनचा गुण अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांच्या जंतूंवरील प्रयोगात १९६५ साली दिसला. मग उंदीर, मग माणसे, असे टप्पे ओलांडून १९७८ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आज घशाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये शेकाबरोबर बहुधा तेच देतात.

तेव्हा बातमी जरूर वाचा, पण तिच्या भरवशावर उपचार थांबवू नका. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसला, गिळताना त्रास झाला किंवा मानेत गाठ आली, तर मेडिकल, मेयो किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेकदा नुसत्या शेकाने बरा होतो आणि आवाजही वाचतो. आणि खर्रा, बिडी, दारू आजच सोडा. त्यासाठी कुठल्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.