उपासनेच्या वेळी बाळं कुठे असतात?

अमेरिकेतल्या अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारी उपासना चालू असताना तान्ह्या बाळांपासून तीन-चार वर्षांच्या मुलांपर्यंत सगळ्यांना सांभाळणारी एक वेगळी खोली असते. तिला नर्सरी म्हणतात. तास-सव्वा तासाचंच काम, पण नियम पक्के.

दारातच नोंदणी होते. मुलाचं नाव, पालकांचा फोन नंबर आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे का, एवढं सांगितलं की बऱ्याच ठिकाणी छोट्या प्रिंटरमधून दोन स्टिकर निघतात. एक मुलाला, एक पालकांना. दोन्हींवर क्रमांक एकच आणि तो दर रविवारी नवा. मुलाचा स्टिकर पाठीवर लावतात, कारण छातीवर लावला तर तो सोलून थेट तोंडात जातो. दार बहुधा अर्धं असतं, खालचा भाग बंद, वरचा उघडा. मूल वरून हातात घेतात. बाहेरची गर्दी आत येत नाही आणि रांगणारं बाळ बाहेर सटकत नाही.

आतला सर्वांत मोलाचा नियम म्हणजे मुलांपाशी मोठं माणूस कधीच एकटं असायचं नाही. किमान दोघं हवीत आणि तीही एकमेकांच्या नात्यातली नकोत. पुष्कळ ठिकाणी नवरा-बायको मिळून एकच धरतात. चर्चमध्ये मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९९६ साली ठराव केला. ‘सेफ सँक्च्युअरीज’ या नावाने ओळखले जाणारे त्यांचे नियम त्यातूनच आले. नव्या स्वयंसेवकाच्या पोलीस नोंदी तपासतात, आणि मंडळीत येऊन निदान सहा महिने झाल्याशिवाय त्याला मुलांपाशी ठेवत नाहीत. हा अविश्वास आहे असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. चांगल्या ओळखीच्या माणसालाही लागू होतो, तोच नियम मुलाच्या उपयोगाचा. शिवाय सांभाळणाऱ्यावर नाहक संशय येण्याची वेळही टळते. डायपरसुद्धा दुसऱ्याच्या नजरेसमोरच बदलायचा.

वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक माणूस, अशी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची पाळणाघरांसाठीची शिफारस आहे. चर्चचं प्रमाण थोडं वेगळं असू शकतं, पण ते भरलं की पुढचं मूल घेत नाहीत. बाळाला पाठीवरच निजवतात, तेही मोकळ्या पाळण्यात. आपल्याकडची मोहरीची उशीही तिथे चालणार नाही. ताप, उलटी किंवा जुलाब असतील तर मूल घरीच ठेवावं. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नसेल तरच आणावं.

रडणं बहुतेक वेळा निरोपाच्या क्षणाचं असतं. आईने पापा घेऊन ‘येते हं’ म्हणावं आणि निघावं. दारात घुटमळलं की रडं वाढतं, आणि न सांगता निसटणं त्याहून वाईट, कारण पुढच्या रविवारी मूल दाराशीच बिलगून बसतं. दहा-पंधरा मिनिटांत ते उगी झालं नाही तर पालकांना मेसेज जातो, किंवा सभागृहातल्या पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा क्रमांक झळकतो.

उपासना संपली की दारात एकच झुंबड उडते. चूक होण्याचा धोका सर्वांत जास्त तेव्हाच, म्हणून त्या गर्दीतही दोन्ही स्टिकरचे क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय मूल हाती देत नाहीत. मोठ्या भावंडाच्या हातीही नाही. स्टिकर हरवला असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, मग समोर सख्खे आजोबा का असेनात.