क्षयरोगजंतू : जीनोम-अनुक्रमण व औषधरोध

क्षयरोगजंतूच्या डीएनएमधील क्षारकांचा संपूर्ण क्रम वाचून त्यावरून जंतूचा वंश, प्रसार आणि औषधरोध ठरविण्याच्या पद्धतीस जीनोम-अनुक्रमण म्हणतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये हा जंतू शोधला. त्याचा जीनोम (आनुवंशिक सामग्रीचा संपूर्ण संच) मात्र १९९८ मध्ये वाचला गेला. एच३७आरव्ही या वाणात ४४,११,५२९ क्षारक-जोड्या व सु. ४,००० जीन आढळले.

हा जंतू अन्य अनेक सूक्ष्मजंतूंप्रमाणे औषधरोधी जीन दुसऱ्याकडून घेत नाही. त्याचा रोध स्वतःच्याच जीनांतील उत्परिवर्तनांनी उद्‌भवतो. आयसोनियाझिड हे औषध जंतूच्या कॅटजी जीनपासून बनणाऱ्या एंझाइमामुळे क्रियाशील होते. त्या जीनमध्ये विशिष्ट बदल झाल्यास औषध शरीरात पोहोचूनही निष्क्रिय राहते. रिफॅम्पिसिनाच्या बाबतीत बहुतेक बदल आरपीओबी जीनच्या ८१ क्षारकांच्या पट्ट्यात आढळतात. सीबीनॅट चाचणी हाच पट्टा तपासते व सु. दोन तासांत उत्तर देते. पट्ट्याबाहेरचा बदल मात्र तिला दिसत नाही.

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील जरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी केलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले, तेव्हा (२०११–१२) मोठी खळबळ उडाली. ‘संपूर्ण औषधरोधी’ ही संज्ञा पुढे मान्य झाली नाही. प्रश्न मात्र उरला. औषधे अर्धवट सोडल्याचा दोष सामान्यतः रुग्णाच्या माथी मारला जातो. मुंबई महानगर परिसरातील जंतूंच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्ल्युओरोक्विनोलोन-रोधाच्या फैलावामागे दुसऱ्या वंशातील प्रबळ शाखा असल्याचे दिसले. म्हणजे अनेकांना रोधी जंतूचाच संसर्ग झालेला असतो, आणि अशा रुग्णास बोल लावणे अन्यायाचे ठरते. या जंतूत वर्षाला सरासरी अर्धाच क्षारक बदलतो. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी फरक असल्यास अलीकडील परस्परसंसर्गाचा संशय घेतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातील एखादा मजूर रोजगारासाठी परमुलखात जाऊन आजारी होऊन परतला, तर संसर्ग गावातला की बाहेरचा, हे केवळ विचारपूस करून कळत नाही. अडचण काळाची आहे. संपूर्ण अनुक्रमणास बहुधा जंतूचे संवर्धन आधी करावे लागते, आणि जंतू सु. २० तासांत एकदाच विभागत असल्याने त्यास काही आठवडे लागतात. तोवर रुग्णास कोणती औषधे द्यावयाची, हे अपुऱ्या माहितीवरच ठरवावे लागते. थुंकीतूनच निवडक जीन वाचण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये केली. औषधरोधाशी निगडित उत्परिवर्तनांची सूची संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली व २०२३ मध्ये वाढविली. तथापि बेडाक्विलिनासारख्या नव्या औषधांच्या बाबतीत अनेक बदलांचा अर्थ अद्याप निश्चित झालेला नाही.