पाटील, स्मिथ आणि आडनावांचे गणित

इंग्लंडमधील स्मिथ, जर्मनीतील श्मिट, इटलीतील फेरारी आणि पोलंडमधील कोवाल्स्की या चारही आडनावांच्या मुळाशी लोहारकाम हा एकच धंदा आहे, आणि गावोगाव लोहार असल्यामुळे ती कोणा एका पूर्वजापासून न पसरता असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. खानदेशात हेच स्थान ‘पाटील’ या आडनावाला आहे. मात्र ते धंद्यावरून नव्हे, तर गावच्या मुलकी प्रमुखाच्या पदावरून आलेले आहे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ या रूपात दिसणारे हे पद वतन म्हणून, म्हणजे वंशपरंपरागत हक्क म्हणून, एका घराण्याकडे राही. परंतु नाव त्या घरापुरते न राहता साऱ्या भाऊबंदांनी घेतले, आणि जळगाव-धुळ्याकडे मराठा, लेवा, गुजर अशा अनेक समाजांत ते रूढ झाले. चौधरी आणि महाजन ही आडनावेही अशीच मान वा पद दाखवणारी असून, आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मून जळगावच्या चौधरींच्या घरी नांदलेल्या बहिणाबाईंच्या माहेर-सासरच्या दोन्ही नावांवरून गाव वा मूळ पुरुष यांचा काहीही थांग लागत नाही.

लाळेच्या नमुन्यावरून पूर्वज शोधून देण्याच्या जाहिराती अलीकडे सर्वत्र दिसत असल्याने आडनाव हा वंशाचा पुरावा ठरतो का, हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि त्याच मार्गाने जाणारे आडनाव यांची सांगड ब्रायन साइक्स यांनी 2000 साली घातली, तेव्हा साइक्स आडनावाच्या तपासलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांत वाय गुणसूत्राचा एकच प्रकार आढळला. पुढे लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली चाळीस ब्रिटिश आडनावे तपासून दाखवले की, आडनाव जितके दुर्मीळ तितके ते धारण करणारे पुरुष एका पूर्वजाचे असण्याचा संभव अधिक, आणि स्मिथसारख्या नावात तो संभव जवळजवळ उरतच नाही. जाहिरातींत या संशोधनाचा पहिला भाग ठळकपणे येतो आणि दुसरा गाळला जातो; वास्तविक खानदेशातील वाचकाच्या उपयोगाचा भाग दुसराच आहे.

आडनावांचे गणित मांडण्याचा मान सामान्यतः फ्रान्सिस गाल्टन यांना दिला जातो. प्रतिष्ठित घराण्यांची नावे नष्ट का होतात, हा प्रश्न त्यांनी 1873 मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये विचारला, आणि धर्मोपदेशक असलेले गणितज्ञ हेन्री वॉटसन यांनी उत्तर दिले की, पुरेसा काळ लोटला की प्रत्येक आडनाव नष्ट होणारच. हे उत्तर चुकले होते, कारण समीकरणाच्या दोन उत्तरांपैकी एकाकडे वॉटसन यांचे दुर्लक्ष झाले होते. प्रत्येक पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगे असतील तरच आडनाव निश्चितपणे लोपते. सरासरी एकाहून अधिक असेल तर ते कायम टिकण्यालाही काही संभाव्यता उरते. ही गोष्ट फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ इरेने-ज्यूल बिएनेमे यांनी 1845 सालीच, म्हणजे गाल्टन यांच्या प्रश्नाच्या 28 वर्षे आधी, अचूक सांगितली होती. तरीही त्यांची टिपणी सुमारे सव्वाशे वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि पाठ्यपुस्तकांतून आजही ही प्रक्रिया बहुधा गाल्टन-वॉटसन या नावानेच शिकवली जाते. अणुकेंद्रांतील साखळी अभिक्रिया आणि साथीच्या रोगाचा प्रसार यांचे हिशेब ज्या सूत्रावर उभे आहेत, त्याच्या पहिल्या मांडणीचे श्रेय योग्य माणसाला मिळू नये, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोठीच उणीव होय.

या गणिताचे गृहीत मात्र असे की, आडनाव फक्त पुत्राकडे जाते आणि मध्येच बदलत नाही. खानदेशात कुळाचे वेगळे नाव असलेल्या अनेक घराण्यांनी शाळेच्या दाखल्यावर आणि सातबारावर ‘पाटील’ लिहिले, त्यामुळे मुलगे भरपूर असतानाही जुने नाव केवळ लेखणीच्या फटकाऱ्याने नाहीसे झाले, आणि पाटलांची संख्या वाढण्यास जन्माइतकीच नोंदही कारण ठरली. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पदच संपुष्टात आले, नाव मात्र टिकले.

आडनावांवरून हिशेब मांडण्याची दुसरी पद्धत समनामविवाहांची, म्हणजे वधू-वरांचे जन्माचे आडनाव एकच असलेली लग्ने मोजून रक्तसंबंधातील विवाहांचे प्रमाण काढण्याची आहे. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी ती 1875 मध्ये वापरली आणि जेम्स क्रो व आर्थर मँग यांनी 1965 मध्ये तिला सूत्रबद्ध केले. चुलत, आते, मामे आणि मावस या चार प्रकारच्या भावंडांपैकी केवळ चुलत भावंडांचे आडनाव खात्रीने एक असते आणि हे चारही प्रकारचे विवाह सारख्याच प्रमाणात होतात, असे हे सूत्र धरून चालते. हे गृहीत महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी ढासळते, कारण चुलत भावंडांचा विवाह येथे निषिद्ध आहे, तर मामाच्या मुलीशी होणारा विवाह अनेक जातींत रूढ असल्याचे इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंस्थेवरील 1953 च्या ग्रंथात नोंदवले आहे. मामाचे आडनाव भाच्याहून सहसा वेगळेच असल्याने खरा रक्तसंबंध या मोजणीतून निसटतो. उलट पाटील-पाटील हे लग्न खानदेशात सर्रास होते, कारण सोयरीक ठरवणारी मंडळी आडनावापाशी न थांबता मूळ कूळ आणि गाव विचारतात, परंतु सूत्र मात्र त्या दोघांना नातलग समजते. विशेष म्हणजे चार्ल्स डार्विन यांनी 1839 मध्ये जिच्याशी विवाह केला ती एमा वेजवुड त्यांच्या मामाचीच मुलगी होती, त्यामुळे जॉर्ज यांच्या स्वतःच्या आईवडिलांचे लग्नही समनामविवाहात बसत नव्हते.

नुसत्या ध्वनिसाम्यावरून आडनावाचे मूळ सांगण्याची हौसही तितकीच फसवी आहे. ‘नेमाडे’ हे शेजारच्या निमाड प्रांतावरून आले असावे, हा तर्क मोहक असला तरी त्या घराण्याच्या स्थलांतराचा लेखी पुरावा मिळेपर्यंत तो तर्कच राहतो. नावांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी वि. का. राजवाडे यांनी दिली आणि 1926 मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले; त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांना ओढूनताणून लावलेल्या वाटल्या, पण मूळ कागद गावोगाव फिरून गोळा केल्यावाचून नावाबद्दल बोलू नये, हा त्यांचा आग्रह आजच्या जनुकशास्त्रज्ञालाही तितकाच लागू पडतो. त्यांच्या नावाने 1927 मध्ये धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाकडे जुन्या हस्तलिखितांचा आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. वतनाच्या कागदांत माणसाचे नाव, बापाचे नाव, पद आणि मौजे असा तपशील येत असल्यामुळे, असे कागद आणि शाळांची जुनी रजिस्टरे शेजारी ठेवून वाचली, तर एखाद्या गावात कुळाच्या नावाची जागा पदाने कोणत्या पिढीत घेतली हे ठरवता येईल, आणि वाय गुणसूत्राचे नमुने घ्यायचे ते त्यानंतरच, तेही ‘पाटील’ या नावाखाली एकत्र न करता कूळ आणि गाव यांनुसार वेगवेगळे करून.