फिट येणे हे नशीब नव्हे

वस्तीत कुणाला फिट आली की लोक आधी कांदा शोधतात, नाहीतर चप्पल, आणि नाकाला लावतात. कुणी मुठीत किल्ल्या कोंबतो. झटका आपोआपच थांबतो, पण नाव चपलेचे होते. पुढच्या अमावास्येला देवऋषी सांगतो, "बाहेरचं आहे." मुलगी असेल तर लग्न मोडेल या भीतीने आजार लपवतात, गोळ्याही लपून खायला लावतात आणि एक दिवस बंदच करतात.

हा वाद जुना आहे. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये फिटला 'पवित्र रोग' म्हणत, म्हणजे देवाने धरलेला माणूस. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या एका वैद्यकग्रंथाने ते साफ नाकारले. हा रोग इतर रोगांसारखाच आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे तो सांगतो. तिथले मांत्रिक पथ्ये सांगत: काळे कपडे नकोत, कांदा-लसूण नको, शेळीच्या कातड्यावर झोपू नका. ग्रंथकार विचारतो, लिबियातले लोक तर शेळीचेच मांस खातात, तिचेच कातडे अंथरतात, मग तिथे एकही माणूस धडधाकट कसा राहील? पुढे तो म्हणतो, हा रोग शेळ्यांनाही होतो. डोके उघडून पाहा, मेंदूत पाणी साठलेले दिसेल. आता शेळीने कोणत्या देवाचे काय बिघडवले होते? त्याने दिलेले कफाचे कारण आज टिकत नाही, पण शोधायची जागा बरोबर होती.

भूत नाही म्हटले तरी 'गेल्या जन्मीचे भोग' उरतातच. मिलिंद हा ग्रीक राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिलेले नाव त्याचेच. 'मिलिंदपञ्ह'मध्ये भन्ते नागसेन त्याला दुःखाची आठ कारणे सांगतात: वात, पित्त, कफ, तिन्हींचा बिघाड, ऋतुबदल, चुकीची राहणी, अपघात आणि शेवटी कर्म. सगळेच कर्मामुळे होते असे म्हणणे चूक, हेही ते स्पष्ट सांगतात.

आपल्याकडे साताऱ्यात डॉक्टरी केलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत गावोगाव फिरले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चपलेचे पाणी पाजणे हा आता गुन्हा आहे.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूचे दगड, भांडी, चूल दूर करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, पहिलीच फिट असेल किंवा बाई गरोदर असेल, तर 108 ला फोन करा.

योग्य औषधाने दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात. मात्र गोळी रोज घ्यावी लागते. वर्षभर फिट आली नाही म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यास मोठा झटका येतो. मूल हवे असणाऱ्या बाईने आधीच डॉक्टरांना सांगावे, काही गोळ्या बदलाव्या लागतात. फिट येणाऱ्याला विहिरीवर किंवा कृष्णेत पोहायला एकटे सोडू नका.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढे साताऱ्याचे आणि सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय रुग्णालय आहे. जाताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे पाकीट न्या. घरात कुणी मोबाईलवर झटक्याचे चित्रण केले असेल तर तेही दाखवा. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते.