पंप आहे, पण वीज गेली तर?

देवबागला एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र. पावसाळ्यात खड्ड्यातले पाणी उपसणारा पंप नेमका वीज गेल्यावरच हवा असतो, नाहीतर खालचा माल भिजलाच म्हणून समजा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर मालवण किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती.

अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे ६०० वॅट घेतो. सुरू होताना मात्र क्षणभर तिप्पट किंवा त्याहूनही अधिक. घरगुती ८५० व्हीएचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवील, पंप उचलणार नाही. २,००० व्हीएचा, साइन वेव्ह प्रकारचाच घ्यावा. १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांवर पंप सलग जेमतेम तीन तास चालतो. तासातून दहा मिनिटेच चालला तर रात्र सहज निघते.

दोन-चार दिवसांच्या अंधाराला जनरेटरच हवा. वीज नसेल तर पेट्रोलपंपही बंद पडू शकतो, म्हणून वादळाचा इशारा मिळताच टाकी भरून ठेवावी. त्याचा धूर जीवघेणा, तेव्हा तो उघड्यावर, खिडक्यांपासून दूर लावावा, पडवीतसुद्धा नको. जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच करून घ्यावी, नाहीतर उलट गेलेला प्रवाह खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेततो. बॅटऱ्या फळीवर उंच ठेवाव्यात. जमिनीवर ठेवल्या तर पहिल्यांदा त्याच बुडतात.