दाहक द्रव्य गिळल्यावर : काही घातक समज

संडास धुण्याचे अ‍ॅसिड किंवा तुंबलेल्या मोरीत ओतावयाचा कॉस्टिक सोडा चुकून कोणाच्या घशाखाली उतरला, की भोवतालची मंडळी त्यास तत्काळ मिठाचे पाणी पाजून ओकावयास लावतात. या धावपळीमागील कळकळ निःसंशय असली तरी तिच्यातून घडणारा अनर्थ मूळ अपघाताहून लहान नसतो, कारण गिळलेले विष ओकून टाकावे हा समज दाहक द्रव्यांच्या बाबतीत सर्वस्वी गैरलागू आहे. ही द्रव्ये मुख्यत्वे जेथे लागतात तेथेच भाजतात. वांतीबरोबर ती अन्ननलिकेस दुसऱ्यांदा पोळीत वर येतात, आणि त्यांतला अंश श्वासनलिकेत उतरण्याचे भय निराळेच. म्हणूनच जठर धुण्याची नळी आणि कोळशाची भुकटी हे इतर विषांवरचे इलाज येथे डॉक्टरही सहसा वर्ज्य मानतात.

आम्लावर खाण्याचा सोडा आणि कॉस्टिकवर लिंबू हा तोडगा शाळेतील रसायनशास्त्राच्या अर्धवट आठवणीतून निघालेला असावा. उदासिनीकरणात उष्णता उत्पन्न होते, सोड्याने तर वायूही सुटून दुबळे झालेले जठर फुगते, हा त्या धड्याचा उत्तरार्ध कोणास आठवत नाही! दूधही निरुपद्रवी नव्हे. त्याने ओकारी होऊ शकते आणि पुढे दुर्बिणीच्या तपासणीत ते आड येते. तेव्हा चूळ भरून थुंकू द्यावे, भिजलेले कपडे उतरवावेत, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पोटात काही देऊ नये, आणि द्रव्याची बाटली सोबत घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.

अ‍ॅसिड तेवढे जालीम आणि कॉस्टिक सौम्य, ही प्रतवारीही निराधार आहे. आम्ल ऊतकांतील प्रथिने गोठवून खपली धरते आणि त्या खपलीने त्याच्याच प्रसारास काहीसा अटकाव होतो. कॉस्टिक मात्र ऊतके विरघळवीत खोल शिरते. तोंडात फोड नाहीत म्हणून घसा शाबूत, हे अनुमान तितकेच फसवे.

रुग्णालयात पहिला प्रश्न श्वासाचा. आवाज घोगरा झाला किंवा श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर स्वरयंत्र सुजत असल्याचे ओळखून श्वासमार्गाचा बंदोबस्त आधी करावा लागतो. बाकी सर्व मागाहून. त्यानंतरची एंडोस्कोपी जखम वाढवील या भीतीने नातेवाईक पुष्कळदा आढेवेढे घेतात. वास्तविक रोगी स्थिर असून छिद्र पडल्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या 24 तासांतील तपासणी निष्णात हातीं सुरक्षित असते. धोका आहे तो दिरंगाईत, कारण दुसऱ्या आठवड्यात अन्ननलिकेची भिंत अत्यंत नाजूक होते. चंदीगडच्या डॉ. झरगर व सहकाऱ्यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेली जखमांची प्रतवारी आजही जगभर वापरली जाते: नुसती लाली व सूज असली तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो, खोल किंवा वर्तुळाकार व्रण असले तर अन्ननलिका आकसण्याचे भय उरते.

स्टेरॉइडने हे आकसणे टळते, असा विश्वास वैद्यकवर्गातही दीर्घकाळ होता. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या, 60 मुलांवरील अमेरिकन चाचणीत स्टेरॉइड दिलेल्या 31 पैकी 10 जणांची आणि न दिलेल्या 29 पैकी 11 जणांची अन्ननलिका आकसली. फरक नगण्य ठरला.

वेदना शमल्या की दुखणे संपले, असे मानून पुष्कळ रोगी पुढील तपासणी टाळतात. आकसण्यास मात्र साधारणतः तीन आठवड्यांनंतरच प्रारंभ होतो. तेव्हा भाकरीचा घास अडू लागल्यास पेज पिऊन दिवस काढू नयेत, अन्ननलिका फुगा किंवा नळी घालून रुंदावता येते, यास्तव तत्काळ डॉक्टरांकडे जावे.