आयुधांचा क्रम आणि संभवाचा हिशेब

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'च्या अंकपाश-प्रकरणात असा प्रश्न आहे की, पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधे शंभूच्या दहा हातांत अदलाबदल करून दिली असता मूर्तिभेद किती होतील? उत्तर येते ३६,२८,८००. आणि चतुर्भुज हरीच्या शंख-चक्र-गदा-पद्मांचे भेद होतात २४, ज्यांवरून संध्येतील केशवादी चोवीस नामांच्या मूर्ती ओळखण्याचा आपला जुना प्रघात आहे.

आचार्यांना केवळ गणना अभिप्रेत होती, संभव नव्हे. परंतु हीच आयुधे डोळे मिटून वाटली तर काय घडेल, असे विचारताच भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. शास्त्रोक्त क्रम विस्कळीत क्रमाहून दुर्मिळ, असे जे बिनदिक्कत म्हटले जाते, ते खरे नाही. प्रत्येक विशिष्ट क्रमाचा संभव सारखाच असून, 'विस्कळीत' या एकाच सदराखाली आपण लक्षावधी क्रम जमा करतो, एवढेच.

याहून चिवट गैरसमज दुसरा. कारकुनाने हजार पत्रे हजार लखोट्यांत न पाहता घातली, तर कोणी म्हणतो की एकही पत्र योग्य लखोट्यात पडणे अशक्यप्राय, आणि कोणी म्हणतो की इतक्या पत्रांत एखादे तरी पडणारच. दोघेही चुकतात. पत्रे वाढली की प्रत्येकाचा संभव जितक्या पटीने घटतो, तितक्याच पटीने संधी वाढतात, म्हणून योग्य जागी पडणाऱ्या पत्रांची सरासरी नेहमी नेमकी एक राहते. एकही आयुध स्वस्थानी नसलेले भेद हरीचे २४ पैकी ९, म्हणजे शेकडा ३७.५, तर शंभूचे १३,३४,९६१, म्हणजे शेकडा ३६.७९; आणि पुढे हजार काय, लाख काय, हे प्रमाण जवळजवळ हलतच नाही, कारण ते एकास २.७१८२८… या संख्येने भागून येणाऱ्या मूल्यावर स्थिरावते. फ्रान्समध्ये मोंमोरने १७०८ च्या ग्रंथात 'तेरा' नामक पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने हाच प्रश्न हाताळला होता.

दहांपैकी नेमकी नऊ आयुधे जुळणे मात्र मुळीच संभवत नाही, कारण उरलेल्या दहाव्याला स्वतःचाच हात शिल्लक राहतो. वाचकांनी केशवाचा क्रम प्रमाण धरून चोवीसही भेद कागदावर मांडून पाहावेत: नवांत एकही हात जुळत नाही, आठांत एक जुळतो, सहांत दोन, आणि चारही जुळतात ते एकट्या केशवात.